अक्कांच्या मशीनवरची तारीख

धुळप्पा सरांच्या हातात कुणी फ्लॉपी दिली, की ते आधी ती एका डोळ्यासमोर धरायचे आणि तिच्या कोपऱ्यातल्या चौकोनी भोकातून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. नवीन माणूस गोंधळून जायचा. आपल्या चेहऱ्यातच काही बिघाड आहे की काय असं वाटून काही जण केस सारखे करत. आजच्या मुलांना फ्लॉपी ठाऊक नाही म्हणून सांगते. तळहाताएवढी, चपटी, चौकोनी अशी ती प्लॅस्टिकची वस्तू. एका कॉम्प्युटरमधलं काम दुसऱ्यात न्यायला आमच्याकडे तेव्हा तेवढंच साधन होतं. तिच्या कोपऱ्यात एक सरकती पट्टी असे. पट्टी सरकवून भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर नवीन काही लिहिलं जात नसे, म्हणजे व्हायरसही तिच्यात शिरत नसे. भोक बंद दिसलं की सर ती फ्लॉपी पत्र्याच्या एका वेगळ्या डब्यात टाकायचे.

"गावभर फिरून आल्यासारखी दिसायलीय," म्हणायचे. "बसू दे जरा अलग."

सर मूळचे भालकी तालुक्यातल्या मेहकरचे, धनगराघरचे. कर्नाटकातल्या आमच्या भालकीच्या एका कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं गणित शिकवलं, मग नोकरी सोडून बसस्टँडजवळ, एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला. मी तिथंच आधी शिकले आणि नंतर तिथंच शिकवायला लागले. सर नम्र वगैरे अजिबात नव्हते. भालकीत आपल्याइतकं कॉम्प्युटरमधलं कुणाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगायचे, आणि ते खरं असल्यामुळे जास्तच चीड यायची. कुणाचं मशीन बिघडलं की औषध देण्याआधी अर्धा तास झापायचे. माझंही तोंड काही कमी चालत नसे, त्यामुळे आमचं दिवसातून एकदा तरी वाजायचं.

त्यांचं सगळं व्हायरसशास्त्र मेंढरांवर बेतलेलं होतं. "माझा बाप बाजारातून आणलेलं मेंढरू कदी थेट कळपात सोडत नव्हता," ते प्रत्येक नव्या बॅचला सांगत. "पयलं अलग बांधायचा. शिंकतंय का, लंगडतंय का, बघायचा. मग आत. तुमी काय करायलाव? दोस्तानं दिली की घातली फ्लॉपी!" आणि दुसरं असं, की त्यांचे वडील चार-दोन मेंढरं कायम मेहुण्याच्या, म्हणजे सरांच्या मामाच्या, कळपात ठेवायचे. आपल्या वाड्यात रोग शिरला तरी बियाणं उरावं म्हणून. त्यामुळे कुणी फाईल उडाली म्हणून रडत आलं, की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "दुसरी प्रत कुठल्या मामाकडं ठेवलीस?" पोरं मागे या वाक्याची नक्कल करून हसायची. मीही हसायची.

सरांच्या बायको शांताक्का आमच्या टायपिंगच्या बाई. मला दहा बोटांनी टाईप करायला त्यांनी शिकवलं. सर जितके तिखट, तितक्या अक्का शांत. पोरीचं बोट चुकलं तर नुसतं आपल्या बोटानं ते उचलून योग्य कळेवर ठेवायच्या. त्या मजकूर सांगायच्या आणि आम्ही टाईप करायचो, मराठीतून आणि कन्नडमधून. शॉर्टहँडच्या पोरींसाठी टेपरेकॉर्डर होता, पण कॅसेटवरचा धडा जुना झाला की अक्का त्यावरच नवा भरत. मग एका एप्रिलमध्ये सरांनी मजकूर ऐकवणारा एक प्रोग्रॅम हैदराबादहून आणला. माईक लावून अक्कांच्या आवाजात धडे भरले. पोरी कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि अक्का एका वेळी चौघींना शिकवायच्या. प्रोग्रॅम महिनाभर वापरून बघायचा होता, आवडला तर पुढे विकत घ्यायचा.

मे महिन्यात अक्का गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या, आणि उदगीरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

धडे ज्या मशीनवर होते ते कोपऱ्यातलं मशीन त्यानंतर "अक्कांचं मशीन" झालं. तिथं कुणी बसायचं नाही. दुपारी क्लास रिकामा असला की सर तिथं हेडफोन लावून बसत. महिनाभराचा तो प्रोग्रॅम वर्षभर कसा चालतोय, हे मी कधी विचारलं नाही. तो आवाज इतका मोठा होता की फ्लॉपीत मावत नव्हता, आणि सीडी भरून देणारं भालकीत कुणी नव्हतं. म्हणजे शांताक्का एवढ्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या, आणि ही गोष्ट क्लासमधल्या प्रत्येकाला माहीत होती.

पुढच्या वर्षी मार्चच्या सुमाराला सरांनी कन्नड अक्षरांची एक सीडी आणली आणि सगळ्या मशीनवर चढवली. सीडीलाही भोक असतं, पण ते मधोमध, आणि त्यातून बघून काही कळत नाही. व्हायरस त्या सीडीतून आला. एप्रिलमध्ये पेपरात यायला लागलं, की एक व्हायरस गुपचूप बसून राहतो आणि सव्वीस तारखेला उठतो. त्या दिवशी मशीन चालू केलं की हार्ड डिस्क पुसून टाकतो, कधी कधी मशीन पुन्हा चालूही होत नाही. सरांनी आमची मशीनं तपासली आणि रागानं लालबुंद झाले. सगळ्यांत तो होता.

मग सरांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. भोक उघडं ठेवलेली एक शुद्ध फ्लॉपी त्यांनी तयार केली. मशीन पूर्ण बंद करायचं, त्या फ्लॉपीवरून उठवायचं, म्हणजे आतला व्हायरस जागाच होत नाही, आणि झोपेतच त्याला काढायचा. असं करत ते गावभर फिरले. दवाखाने, दुकानं, कुणाचं घर, जिथं कॉम्प्युटर होता तिथं गेले आणि तिथल्या मालकांना झापलं. ज्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही त्यांना निरोप धाडले: सव्वीसला मशीनला हात लावायचा नाही. क्लासमधलीही सगळी साफ झाली. एक सोडून.

"अक्कांच्या मशीनचं काय?" मी विचारलं.

"त्याचं मी बघतो."

"कधी?"

"बघतो म्हटलो न्हाई का? कामून मागं लागायलीस?"

त्यांची भीती मला ठाऊक होती. व्हायरस काढताना कधी कधी प्रोग्रॅमही मोडायचा. आमच्याच दोन मशीनवर तसं झालं होतं. तिथं आम्ही पुन्हा चढवले. अक्कांच्या आवाजाचा प्रोग्रॅम ज्या फ्लॉप्यांवरून आला होता त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली होती. तो मोडला तर परत उघडणार नव्हता. म्हणून सर आज-उद्या करत राहिले. मी पुन्हा विचारलं तर माझ्यावर खेकसले, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सव्वीसला भालकीतले झाडून सगळे कॉम्प्युटर बंद होते. सत्तावीसला सकाळी सरांनी एकेक मशीन चालू केलं. सगळी ठीक. अक्कांचंही ठीक. सर त्या दिवशी चक्क हसले, खालच्या रसवंतीतून सगळ्यांना रस मागवला. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरांच्या दवाखान्यातलं मशीन चालू करून द्यायचं होतं, म्हणून आम्ही दोघं निघालो. सरांनी क्लासला कुलूप लावलं. अक्कांचं मशीन नेहमीसारखं चालूच ठेवलं होतं. ते दिवसा बंद करणं त्यांना आवडत नसे.

दवाखान्यातलं मशीन चालू झालं. डॉक्टर पेशंटमध्ये होते, आम्हाला चहा आला. तेवढ्यात लाईट गेली. उन्हाळ्यात ती रोजच जायची, त्यामुळे कुणी मान वर करूनही बघितलं नाही. मी पदरानं वारा घेत सहज म्हटलं, "सर, अक्कांच्या मशीनचं घड्याळ चुकलंय. सकाळी बघितलं तर रात्र दाखवत होतं. आणि तारीख पंचवीस एप्रिल, ती पण गेल्या वर्षीची."

सरांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"पंचवीस? नीट बघितलीस?"

"हो. रात्रीचे साडेदहा झालेले."

सर उठले. चप्पल उलटीसुलटी घालत म्हणाले, "ऊठ मीने. मेलो."

पायऱ्या उतरता उतरता त्यांनी तुटक तुटक सांगितलं. प्रोग्रॅमची मुदत महिन्याची. ती संपू नये म्हणून सर वर्षभर त्या मशीनची तारीख मागं ओढत आले होते. पंचवीस तारीख जवळ आली की पुन्हा एक एप्रिल, अक्कांचा तोच एप्रिल, पुन्हा पुन्हा. मागच्या खेपेला घाईत सकाळ-रात्रीचीही उलटापालट झाली होती. आणि या महिन्यात सगळ्या गावाची सव्वीस तारीख सांभाळता सांभाळता हीच तारीख मागं घ्यायची राहिली. जगाची सव्वीस काल होऊन गेली. अक्कांच्या मशीनची आज भर दुपारी बारा वाजता सुरू होत होती.

"पण लाईट गेलीय की," मी म्हटलं. "मशीन बंद आहे."

"मशीन बंद, घड्याळ चालू! आत बॅटरी ऱ्हाती. आन् कळ कशी हाय त्याची? खटक्याची. दाबलेली हाय. लाईट आली की मशीन आपोआप उठतंय, मीने!"

तिथं यूपीएसही नव्हता. बारा नुकतेच वाजून गेले होते. म्हणजे आता लाईट येईल त्या क्षणी ते मशीन कुणी हात न लावता उठणार, सव्वीस तारीख बघणार, आणि वर्षभर सांभाळलेला आवाज पुसून टाकणार. क्लासला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात, आणि आम्ही गावाच्या या टोकाला.

त्या दिवशी नेमका बाजार होता. रिक्षा आत शिरणं शक्यच नव्हतं. सर पळायला लागले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या शर्टातला, गणिताचा मास्तर, मिरच्यांच्या ढिगांमधून उड्या मारत चाललाय हे बघून लोक उभेच राहिले. "काय झालं सर? कुठं जायलाव?" एकानं दंड धरला. "लाईट आली का?" सरांनी उलट विचारलं. "न्हाई अजून. येतीय की, घाबरू नका!" तो धीर देत म्हणाला. घामानं निथळणारं सगळं भालकी लाईट कधी येते म्हणून तारांकडे बघत होतं, आणि मी मनात म्हणत होते, नको, एवढ्यात नको, अजून थोडी थांब. देवाकडे असं मागणं मी पहिल्यांदाच मागत होते.

बाजाराच्या तोंडाशी मेंढरं विकायला आलेली. रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. मी थबकले. सरांनी दोन बोटं तोंडात घातली नाहीत, काठी मागितली नाही. नुसता घशातून एक आवाज काढला, लांब, खरबरीत, मध्येच वर चढणारा. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मेंढरांनी माना वळवल्या आणि कळप दोन्हीकडे सरकला. मधून वाट झाली. धनगर बघतच राहिला. आम्ही त्या वाटेनं पळालो.

रसवंतीसमोर तिचे मालक खाजाभाई मोटरीवर हात ठेवून लाईटच्या नावानं बोटं मोडत होते. "इत्ता ऊस पडेला है सर, ये लाईट कब आती की!"

"यायची न्हाई! अजून यायची न्हाई!" सर ओरडले आणि जिन्यात शिरले.

"क्या बोलते सर तुमे!" खाजाभाई दुखावून म्हणाले.

कुलूप जुनं होतं. किल्ली भोकात जाईना. मी हात पुढे केला तर ढकलला. किल्ली फिरली, आणि त्याच वेळी खालून बाजाराचा एकच गलका उठला, "आली! आली!" कुणी कन्नडमध्ये "बंतु!" म्हणून ओरडलं, आणि खाजाभाईंची मोटर घरघरायला लागली.

दार उघडलं तेव्हा अक्कांच्या मशीनचा बीप वाजला होता. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळत होते. सर टेबलांना अडखळत गेले. मध्ये एक खुर्ची पडली. आकडे संपले, विंडोजचं ते ढगांचं चित्र पडद्यावर आलं, आणि सरांनी भिंतीतून पिनच उपटली. पडदा विझला. वरचा पंखा तेवढा कुरकुरत फिरत होता.

"वाचलं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," सर म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसले. मी पाणी दिलं. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही.

थोड्या वेळानं ते उठले. खणातून शुद्ध फ्लॉपी काढली. सवयीनं डोळ्यासमोर धरली, भोकातून खिडकीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग फ्लॉपी माझ्यापुढे केली.

"मला दिसंना गं. तू बघ."

मी बघितलं. भोक उघडं होतं. समोर सरांचा डोळा होता, भरलेला. "बरोबर आहे सर," मी म्हटलं.

पिन लावली. मशीन फ्लॉपीवरून उठलं. सरांनी हळूहळू अक्षरं टाईप केली, आणि पडद्यावर डिस्कवरच्या फायलींची नावं सरसर खाली उतरायला लागली. अक्कांचे धडे जागेवर होते. व्हायरसही जागेवर होता, त्या प्रोग्रॅमच्याच पोटात. आता तो काढायचा की नाही? काढला तर प्रोग्रॅम मोडू शकतो. ठेवला तर पुन्हा तारखेशी खेळ.

"काढ," सर म्हणाले. "तूच दाब. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी दाबलं. प्रोग्रॅम मोडला नाही. सरांनी तारीख शेवटची एकदा मागे घेतली, प्रोग्रॅम उघडला, आणि हेडफोन काढून स्पीकर लावला. शॉर्टहँडचा टेपरेकॉर्डर आणून मी स्पीकरशेजारी ठेवला, कोरी कॅसेट घातली. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. अक्का सावकाश सांगत होत्या, "महोदय स्वल्पविराम, आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की स्वल्पविराम..."

बाजू संपल्यावर मी न राहवून विचारलं, "सर, सगळ्या गावाला दुसरी प्रत करायला लावलीत. ही एवढी साधी कॅसेट वर्षभरात का नाही केलीत?"

"दुसरी प्रत करायची म्हंजे पयली जाणार हाय असं धरून चालावं लागतंय की गं," ते म्हणाले. मग खिडकीशी गेले. "दवाखान्यातनं पळालो मी. तिथं पंख्याखाली पेशंट पडलेले. आन् मी लाईट येऊ नगं म्हणायलो. एवढं कुठं असतंय व्हय?"

कॅसेट उलटी करून उरलेले धडे भरले. शेवटच्या धड्यानंतर अक्कांचा साधा, घरातला आवाज आला. माईक बंद करायच्या आधी राहून गेलेला. "झालं व्हय? अवो, करा की बंद आता." सर वर्षभर हे रोज ऐकत असणार. त्यांनी प्रोग्रॅम बंद केला, तारखेची चौकट उघडली, आणि की-बोर्डवर हात ठेवून थांबले.

त्यानंतर अक्कांच्या मशीनवर पोरी पुन्हा टाईप करायला बसू लागल्या. कॅसेटच्या प्रती झाल्या. एक सरांच्या मुलीकडे लातूरला गेली, एक सरांनी माझ्या हातात दिली. "तू मामा," म्हणाले. पुढे माझं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीसाठी पुण्याला आले, इथंच एका ऑफिसात कामाला लागले. फ्लॉपी जाऊन पेनड्राईव्ह आले. त्यांना भोक नसतं याची तक्रार सरांनी मला फोनवर केली होती. काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. मी भालकीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि क्लासच्या खाली खाजाभाईंनी रसवंती बंद ठेवली होती.

परत आल्यावर मी ती कॅसेट काढली. इतक्या वर्षांत शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. अक्कांचे धडे संपले. "करा की बंद आता" झालं. मी बटणाकडे हात नेला, पण कॅसेट पुढे चालूच होती. त्या दुपारी टेपरेकॉर्डर बंद करायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. खालून रसवंतीची मोटर ऐकू येते. खुर्ची करकरते. मग सरांचा आवाज येतो, अगदी अक्कांच्या पाठोपाठ, त्यांनाच उत्तर दिल्यासारखा.

"आज तारीख काय गं?"

"सत्तावीस एप्रिल, सर," कॅसेटमधली मी सांगते.

आणि त्यानंतर कळा दाबल्याचा आवाज येतो, सावकाश, एकेक.